पुरांत बुडालेलें इंजिन

ज्याची सारी हयात मुलांस संस्कृत शिकविण्यांत गेली, त्यानें इंजिनाविषयीं लिहावें हें वाचकांस चमत्कारिक वाटेल. आम्हांसही तें वाटतें. परंतु संधि चुकला तर विद्यार्थ्याचा एक गुण जातो, आणि इंजिनाच्या बाबतींत एक बोट चुकलें तर घरच्या मिळकतींतून हजारों रुपये जातात, हें आम्हीं २०२४ सालच्या पावसाळ्यांत प्रत्यक्ष पाहिलें. त्या वर्षीं आमच्या एकत्र कुटुंबांतील तीन गाड्या एकाच दिवशीं, एकाच पाण्यांत बुडाल्या. आणि तिघींची गति मात्र तीन प्रकारची झाली. ती हकीकत नदीकांठीं राहणाऱ्या कुटुंबांच्या उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें देत आहों.

आमचें घर जुन्या चिंचवडांत, पवनेपासून हांकेच्या अंतरावर आहे. पवना मावळांतून येते, मोरया गोसावींच्या समाधिमंदिराजवळून वाहते आणि पुढें दापोडीजवळ मुळेस मिळते. पावसाळ्यांत घाटाच्या पायऱ्या पाण्याखालीं जावयाच्याच. त्याचें आम्हां चिंचवडकरांस नवल नाहीं. पूर्वीं वाड्याचें जोतें उंच असे. पाणी अंगणांत येऊन मुकाट्यानें परत जाई. आतां वाड्याच्या जागीं चार मजल्यांची इमारत झाली आहे. माणसें वर राहतात, आणि गाड्या तळमजल्यावर उभ्या असतात. पिंपरी, आकुर्डी, भोसरीपासून चाकणपर्यंतचा हा सारा पट्टा गाड्या आणि त्यांचे सुटे भाग घडविणारा. जेथें इंजिनें जन्मास येतात तेथेंच तीं बुडून मरावीं, ही गोष्ट कांहीं भूषणाची नव्हे.

२०२४ च्या जुलैच्या २५ तारखेस पुण्यांत व पिंपरी-चिंचवडांत अतोनात पाऊस झाला आणि नद्यांच्या कांठच्या सखल वस्त्यांत पाणी शिरलें. आमच्या तळमजल्यावर कमरेइतकें पाणी चढलें. तेथें तीन गाड्या होत्या. एक थोरल्या पुतण्याची नवी मोटारसायकल, दुसरी धाकट्या सुनेची जुनी स्कूटर, आणि तिसरी आमच्या कैलासवासी दादांची चेतक. दुसऱ्या दिवशीं सकाळीं पाणी ओसरलें आणि चिखल मागें राहिला.

पुतण्या चाकणच्या एका कारखान्यांत आहे. त्याची पाळी चुकण्याची वेळ झाली होती. त्यानें गाडीची बैठक फडक्यानें पुसली, किल्ली फिरविली आणि बटण दाबलें. आंतून ‘ठक्’ असा एकच आवाज झाला व सारें थांबलें. वास्तविक यंत्रानें एवढ्या स्पष्ट शब्दांत नकार दिल्यावर शहाण्यानें ऐकावें. परंतु शेजारचे दोघे तरुण मदतीस धांवले. त्यांनीं गाडी गिअरमध्यें टाकून ढकलली. दहा पावलें गेली असेल नसेल, तोंच आंतून कांहीं मोडल्याचा आवाज झाला, आणि मागचें चाक जागच्या जागीं अडून घसरलें. आम्ही सज्जांतून हें पाहत होतों. ‘अरे, थांब!’ हे आमचे शब्द खालीं पोंचेपर्यंत व्हावयाचें तें होऊन गेलें होतें.

काय झालें तें समजण्यास सायकलचा पंप पुरेसा आहे. पंपाच्या तोंडावर अंगठा दाबून दांडा आंत लोटला तर हवा दबते. पंपांत पाणी भरून तोच प्रयोग केला तर दांडा तसूभरही सरकत नाहीं. इंजिनाच्या नळकांड्यांत दट्ट्या, म्हणजे पिस्टन, असाच खालीं-वर होत असतो, आणि हवा व पेट्रोल यांचें मिश्रण दाबणें हें त्याचें काम. सवाशें घनसेंटिमीटरच्या इंजिनांत मिश्रण दहास एक या प्रमाणांत दाबलें जातें असें धरलें, तर दट्ट्या अगदीं वर पोंचल्यावर त्याच्या डोक्यावर सुमारें १४ घनसेंटिमीटर जागा उरते. म्हणजे चहाचे तीन चमचे! नळकांड्यांत याहून अधिक पाणी असलें कीं दट्ट्यास वर जाण्यास वाटच उरत नाहीं. बटण दाबल्यानें फिरणारी लहानशी मोटर अशा वेळीं बहुधा हार मानून थांबते. परंतु ढकललेल्या गाडीचें सारें वजन चाकावाटे इंजिनावर येतें. तें थांबत नाहीं. पाणी दबत नाहीं, गाडी थांबत नाहीं, तेव्हां या दोघांच्या मध्यें सांपडलेला कनेक्टिंग रॉड वांकतो. पुतण्याचा तो वांकला.

त्या दिवशीं दुपारीं ज्या मिस्त्रींस आम्हीं बोलाविलें, ते मूळचे मालवणकडचे. आतां त्यांचें दुकान भोसरीकडे आहे. परंतु तरुणपणीं त्यांनीं तारकर्लीच्या किनाऱ्यावर पाण्यांतील स्कूटरी दुरुस्त करण्यांत कांहीं वर्षें काढलीं होतीं. ज्यांनीं हें वाहन पाहिलें नसेल त्यांच्यासाठीं सांगतों: मोटारसायकलीप्रमाणें वर स्वार होऊन चालविण्याची ही लहान नाव. तिला बाहेर पंखा नसतो. तिचें इंजिन खालून पाणी ओढून घेतें व मागील तोंडानें जोरानें फेकतें, आणि त्या रेट्यानें नाव पुढें जाते. १९७३ सालीं कावासाकी या जपानी कंपनीनें ‘जेट स्की’ या नांवानें अशी नाव विक्रीस आणली, आणि पुढें तें नांवच लोकांच्या तोंडीं बसलें.

मिस्त्री म्हणाले, “मास्तरांनू, जी गाडी रोज पाण्यांतच चालते, तिच्याही इंजिनांत पाणी गेलेलें चालत नाहीं.” त्यांनीं सांगितलेल्या दोन गोष्टी आमच्या मनांत राहिल्या. पहिली अशी कीं, ही नाव उलटली तर ती वाटेल त्या बाजूनें सुलटी करावयाची नसते. मागच्या बाजूस बाण काढलेली चिठ्ठी चिकटविलेली असते. त्या बाणाच्याच दिशेनें ती फिरवावयाची. उलट दिशेनें फिरविली तर धूर जाण्याच्या नळींत सांठलेलें पाणी इंजिनांत उतरूं शकतें. दुसरी गोष्ट धुण्याची. समुद्रांतून आणल्यावर खारें पाणी घालविण्यासाठीं गोड्या पाण्याची नळी जोडून इंजिन आंतून धुतात. त्या वेळीं बहुतेक नावांच्या बाबतींत प्रथम इंजिन सुरू करावयाचें आणि मग पाणी सोडावयाचें; थांबवितांना प्रथम पाणी बंद आणि मग इंजिन बंद. हा क्रम चुकला तर धुराच्या नळींतून पाणी मागें सरून इंजिनांत शिरतें, आणि समुद्रांत न बुडालेली नाव किनाऱ्यावर, धुण्याच्या पाण्यांत बुडते! सूत्रांचा क्रम बदलला कीं रूप चुकतें, हें आम्हीं जन्मभर मुलांस सांगितलें. तोच नियम यंत्रासही लागू आहे हें त्या दिवशीं कळलें.

मग त्यांनीं सुनेची स्कूटर हातीं घेतली. त्यांचा क्रम आम्हीं वहींत उतरून घेतला, तो असा. प्रथम त्यांनीं किल्ली काढून स्वतःच्या खिशांत घातली, म्हणजे कोणा उत्साही माणसाच्या हातीं ती लागूं नये. गाडीस हात लावण्यापूर्वीं पाण्याची खूण दिसेल असें छायाचित्र घेतलें. विम्याच्या कामीं तें उपयोगी पडतें. नंतर बॅटरीची ऋण बाजू सोडविली, मग धन बाजू. बाहेरचा चिखल स्वच्छ पाण्यानें, जोराची धार न मारतां, धुऊन काढला. हवेच्या गाळणीची पेटी उघडली तेव्हां पेलाभर गढूळ पाणी पडलें. आंतील कागदी गाळणी भिजल्या पापडासारखी झाली होती, ती टाकून दिली.

तेल मोजण्याची काडी बाहेर काढली तर तिच्यावर तेलाऐवजीं दूध घातलेल्या चहासारखा पदार्थ. तेल आणि पाणी घुसळलीं गेलीं कीं असें होतें. आणि अशा तेलावर इंजिन चालविणें म्हणजे त्याचे सांधे तेलावांचून घासणें होय. त्यांनीं खालचा बोल्ट काढला. जड असल्यामुळें आधीं पाणी आलें, आणि मागून तें पांढरट तेल. त्यानंतर स्पार्क प्लग काढला आणि प्लगची तार दूर बाजूस बांधून ठेविली, कारण त्या छिद्रांतून पेट्रोलाची वाफही बाहेर येते व तेथें ठिणगी पडणें घातक असतें. सभोंवतीं विडी-काडी बंद. मग त्यांनीं किकचा दांडा पायानें नव्हे, हातानें, सावकाश खालीं दाबला. छिद्रांतून पिचकारीसारखें पाणी उडालें. बाजूस उभी असलेली नातवंडें हंसलीं. पण त्या पिचकारीचा अर्थ त्यांना समजावून सांगतांना आम्हांस पुतण्याच्या गाडीकडे पाहवेना. तेंच पाणी, तेवढेंच पाणी. एकीकडे त्यास बाहेर पडण्यास वाट दिली आणि दुसरीकडे दिली नाहीं, एवढाच काय तो फरक.

पाणी येण्याचें थांबल्यावर त्याच छिद्रांतून दोन चमचे स्वच्छ तेल नळकांड्यांत सोडून दांडा पुन्हां कांहीं वेळां हातानें फिरविला, म्हणजे आंतील पोलादावर तेलाचा हात फिरला. नंतर टाकी व कार्बोरेटर यांतील पेट्रोल कांचेच्या बाटलींत काढलें. पेट्रोल पाण्याहून हलकें, वजनानें सुमारें पाऊण. त्यामुळें बाटलींत खालीं पाणी, वर पेट्रोल आणि मध्यें रेघ ओढल्यासारखी सीमा दिसली. इंजिनास पेट्रोल टाकीच्या तळाकडूनच जातें, म्हणजे प्रथम पाणीच जावयाचें. म्हणून टाकी पूर्ण रिकामी करणें अवश्य. धुराच्या नळींतील पाणी गाडी कलती करून काढलें. पट्ट्याचें झांकण उघडून आंतला भाग वाळविला. तारांचे सांधे एकेक सोडवून हवेच्या झोतानें कोरडे केले. आंच मात्र कोठेंही दाखविली नाहीं.

दोन दिवस वाऱ्यावर ठेवून मग नवें तेल, नवी गाळणी, नवा प्लग व नवें पेट्रोल घातलें. तिसऱ्या किकला इंजिन लागलें. धुराच्या नळींतून पांढरी वाफ निघाली, ती हळूहळू विरली. पांच मिनिटें चालवून मिस्त्रींनीं तें नवें तेलही काढून टाकलें. तें ताकासारखें दिसत होतें. पुन्हां तेल घातलें, पुन्हां काढलें. तिसऱ्या खेपेस तेल तेलासारखें दिसलें तेव्हां ते उठले. आमच्या सूनबाईंस वाटलें कीं एवढें तेल व्यर्थ गेलें. परंतु साऱ्या दुरुस्तीचा खर्च दोन हजारांच्या आंत राहिला. पुतण्याच्या गाडीस त्याच्या कित्येक पट लागला. आणि सामान्य विम्यांत पुराची भरपाई असली, तरी पाणी शिरलेलें इंजिन चालू करण्याच्या खटपटींत मोडलें तर तो भाग बहुधा नाकारला जातो. त्यासाठीं इंजिनाचें वेगळें संरक्षण घ्यावें लागतें, हेंही आम्हांस तेव्हांच कळलें.

येथें एक सूचना केली पाहिजे. वर सांगितलेली कृति कार्बोरेटरच्या जुन्या गाडीची आहे. २०२० च्या एप्रिलपासून धुराचे नवे नियम लागू झाल्यापासून बहुतेक नव्या दुचाकींत पेट्रोल विजेच्या यंत्रणेनें मोजून फवारलें जातें, आणि पुष्कळ गाड्यांस किकही नसते. अशी गाडी बुडाली तर घरच्या माणसांनीं एवढेंच करावें: किल्ली लावूं नये, ढकलून चालू करूं नये, आणि ती तशीच वाहून दुकानांत न्यावी. विजेच्या स्कूटरचें तर नांवच काढूं नये. भिजलेली बॅटरी घरीं भारित करण्याचा प्रयत्न जिवावर बेतूं शकतो.

आतां तिसरी गाडी. तिच्याविषयीं लिहितांना लेखणी अडखळते, कारण तेथील अपराधी आम्ही स्वतः. त्या काळीं आकुर्डीच्या चेतकसाठीं नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे. दादांनींही ती पाहिली, तेव्हां १९८६ सालीं ती आमच्या दारांत आली. आमच्या बहिणीची पाठवणी, आईचें आजारपण, मुलांच्या परीक्षा, सारें त्या गाडीनें पाहिलें. दादा गेल्यावरही ती रोज पुसली जात असे. मिस्त्री तिच्याकडे वळले तेव्हां वहिनी म्हणाल्या, “भावजी, ती इतक्यांत उघडूं नका. तिच्यावरून यांचा हात शेवटचा फिरलेला आहे.” वहिनींचें मन मोडूं नये असें आम्हीं स्वतःस सांगितलें. खरें सांगावयाचें तर त्यांत आळसही होता. दोन गाड्यांच्या धांवपळीनें आम्ही थकलों होतों. ‘वाळेल आपोआप,’ असें म्हणून आम्हीं तिच्यावर चादर घातली.

मिस्त्रींनीं जातांना बजाविलें होतें कीं निदान प्लग काढून पाणी तरी बाहेर जाऊं द्या आणि आंत चार चमचे तेल सोडा. तेवढेंही आमच्या हातून झालें नाहीं. पाण्याखालीं असेपर्यंत लोखंडास गंज चढण्यास फारसा अवसर नसतो. पाणी ओसरून हवा आंत शिरली कीं खरी घडी सुरू होते. विळी धुऊन तशीच ओली ठेविली तर सकाळीं तिच्यावर तांबूस डाग दिसतात, हें कोणत्या गृहिणीस ठाऊक नाहीं? नावेचें इंजिन बुडाल्यास आणि दुरुस्ती ताबडतोब होण्यासारखी नसल्यास जाणते लोक तें उघड्यावर वाळत न ठेवतां गोड्या पाण्यांत बुडवून ठेवतात, तें याचसाठीं. (स्कूटरला हा उपाय करूं नये, तिच्या विजेच्या भागांचा त्यांत नाश होईल.) ही गोष्ट कांहीं केवळ सहलीच्या नावांची नव्हे. चाकणपासून फार दूर नसलेल्या सुदुंबऱ्यास राष्ट्रीय आपत्ति प्रतिसाद दलाची पांचवी बटालियन आहे. पुरांत अडकलेल्या माणसांस बाहेर काढणाऱ्या या दलाच्या रबरी नावांस मागें इंजिन लावलेलें असतें. तें वेळेवर लागलें नाहीं तर काय होईल, याची कल्पना छपरावर बसून वाट पाहणाऱ्यासच येईल.

तें सुदुंबरें संताजी जगनाडे महाराजांचें, आणि जवळच तुकोबांचें देहू. इंद्रायणीनें बुडविलेली गाथा तेरा दिवसांनीं कोरडी परत दिली अशी आपली श्रद्धा आहे. यंत्राच्या वाट्यास तें भाग्य नाहीं. आम्हीं तीन आठवड्यांनीं चेतकवरची चादर काढली तेव्हां किक जागची हलेना. या गाडीचें इंजिन जुन्या पद्धतीचें, दोन ठोक्यांचें. त्यांत पेट्रोल व तेल यांचें मिश्रण क्रॅंकच्या पेटींतूनच वर जातें, आणि क्रॅंकच्या बेअरिंगांस जें काय तेल मिळावयाचें तें त्या मिश्रणांतूनच. पाणी त्याच पेटींत सांठून राहिलें, त्यानें तेलाचा पातळ थर हटविला, आणि मग हवा व ओल यांनीं आपलें काम केलें. जी गाडी मिळण्यास वर्षें लागलीं, ती आम्हीं तीन आठवड्यांत गमावण्याच्या बेतास आणली.

मिस्त्री आले. त्यांनीं आम्हांस एक शब्दही लाविला नाहीं, आणि तेंच अधिक लागलें. प्लगच्या छिद्रांतून पातळ तेल ओतून त्यांनीं गाडी आठ दिवस तशीच ठेविली. रोज येऊन थोडें तेल घालावें, मॅग्नेटोचें चाक हातानें किंचित् इकडे, किंचित् तिकडे हलवून पाहावें, आणि न हलल्यास स्वस्थपणें निघून जावें. जोर म्हणून केला नाहीं. नवव्या दिवशीं चाक बोटभर फिरलें. वहिनी तेथें येऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “आतां उघडा. मी उगीच अडविलें.” आम्ही म्हणालों, “वहिनी, अडविलें तुम्हीं नाहीं. आमच्या आळसानें अडविलें.” इंजिन उघडल्यावर बेअरिंगें गंजून गेलेलीं दिसलीं, तीं बदलावीं लागलीं, नळकांडें आंतून घासून घेऊन नवा दट्ट्या बसवावा लागला. जुन्या गाड्यांचे भाग शोधण्यांत सप्टेंबर सरला.

यावरून आमच्या घरीं एक गोष्ट कायमची शिकली गेली. पाण्यानें इंजिन सहसा मरत नाहीं. तें घाईनें मरतें, नाहीं तर आळसानें मरतें. चालू करण्याची घाई करूं नये, आणि उघडून पुसण्यास उशीर करूं नये. या दोन्ही गोष्टी एकाच वेळीं पाळावयाच्या असतात म्हणून त्या कठीण वाटतात. आमच्या तळमजल्याच्या भिंतीवर आतां खडूनें एवढेंच लिहून ठेविलें आहे: किल्ली काढा, बॅटरी सोडा, मिस्त्रींस बोलवा, त्याच दिवशीं. आणि पवनेचें पाणी वाढल्याची वार्ता आली कीं गाड्या प्रथम वरच्या रस्त्यावर नेऊन लावावयाच्या, हें काम पुतण्यानें स्वतःकडे घेतलें आहे.

१२ ऑक्टोबरला दसरा होता. चेतकला झेंडूची माळ घातली, वहिनींनीं हळदकुंकू वाहिलें, आणि ती चालू करण्याचा मान पुतण्यास दिला. त्यानें दांड्यावर पाय ठेविला, पण दाबला नाहीं. आमच्याकडे वळून तो म्हणाला, “काका, मारूं?” आम्हीं मिस्त्रींकडे पाहिलें. त्यांनीं खालीं वांकून प्लगची तार नीट बसली आहे कीं नाहीं तें एकवार तपासलें, हात पुसले, आणि मान हलविली.